उणे अठरा

पांढरकवडा,
चैत्र

प्रिय कपिल,

मोसम संपला. बर्फावरची शेवटची स्लॅलम शर्यत झाली, ज्याला मिळायचा त्याला तो काचेच्या गोलाचा चषक मिळाला आणि मोबाइल आता मला आपल्या मनानं दुसरंच काही दाखवायला लागलाय. ट्रॅक्टरच्या ओढाताणी, गुडघेदुखीचं तेल. इकडे दुपारी डांबर मऊ पडतं. दुकानात बसलो की टायर चिकटून सुटल्याचा चटचट आवाज येतो. तुला माहीत आहे, मला सगळं आधी ऐकू येतं, मग दिसतं. तुला पत्र आलं याचं नवल वाटेल. आजवर मी कागदावर लिहिलं ते वायरिंगचे नकाशे, तेही बिडीच्या पाकिटावर. पण फोन केला की तू बोलायला लागतोस, मी ऐकायला लागतो, आणि सांगायचं ते राहून जातं. यावेळी मीच सांगणार आहे. सरळ खाली येता येणार नाही. तुमच्या त्या झेंड्यांमधून उतरतात तसा डावी-उजवी करत येईन. धीर धर, झेंडी एकही चुकवणार नाही.

तुझा पहिला उतार मी पाहिला नव्हता, ऐकला होता. दुकानामागच्या जिनिंगात कापसाच्या गंजी लागायच्या आणि तू युरियाचं रिकामं पोतं बुडाखाली घेऊन वरून सुटायचास. सर्रर्र असा आवाज, मग चौकीदार बळीरामची शिट्टी, मग त्याची बोंब, "उतर बे खाली! तुह्या बापाची गादी हाय का थे?" तू घरी यायचास तो म्हातारा होऊन, सगळं डोकं पांढरं. आई तुझ्या केसातला कापूस वेचून त्याच्या वाती वळायची. देवाला म्हणायची, पोराच्या डोक्यातला आहे, जळू दे नीट. मग तो सोपोरचा सफरचंदवाला ट्रकचा सेल्फ जळून आपल्याकडे अडकला. मी त्याचा सेल्फ बांधला, त्यानं तुझं डोकं फिरवलं. बर्फ, बर्फ आणि बर्फ. तू त्याच्याच गाडीत बसून गेलास. रहेमान टायरवाला महिनाभर मला चिडवत होता, "पुंडलिकभाऊ, पोराच्या बदल्यात पेट्या किती भेटल्या?" मी हसायचो. मनात म्हणायचो, रस्ता तर आपलाच आहे. दुकानासमोरून जातो तोच पार वर काश्मीरपर्यंत, एकच नंबर. ज्या रस्त्यानं गेला त्या रस्त्यानं येईल.

तू तिथं आधी पर्यटकांच्या स्की वाहिल्यास, मग स्वतः पायात घातल्यास, मग शर्यतीत उतरलास. आणि यंदा दिवाळी झाल्यावर युरोपात, पूर्ण मोसमासाठी, मोसम संपला की येतो म्हणून. चौकात फ्लेक्स लागला तेव्हा मजकूर माझाच होता, "टिपेश्वरचा वाघ निघाला बर्फात". तू तोंड लाल करून म्हणालास, बाबा, मी मोठ्या शर्यतीत नाही, मी खालच्या पॉइंटांच्या शर्यतीत आहे. मी म्हटलं, खालचा काय नि वरचा काय, उतार तर सगळ्यांना सारखाच आहे ना.

सारखा नसतो, हे मला तुझ्या आईनं शिकवलं. मोबाइल उशीला टेकवून आम्ही दुपारभर शर्यती बघायचो. समजायला वेळ लागला. पहिला उतरतो तेव्हा बर्फ काचेसारखा असतो. ज्याचा नंबर मागे, त्याच्या वाट्याला पुढच्यांनी उखडलेला रस्ता. ती म्हणाली, हे तर पावसाळ्यातल्या आपल्या पांदणीसारखंच झालं, पहिली बैलगाडी निघून जाते, शेवटची रुतते. आपल्या कपिलचा नंबर कितवा असतो हो? मी म्हटलं, मागेच असतो. आणि एक तिचा हट्ट होता. कोणी पडला की मला पुढे सरकवू द्यायची नाही. "उठला का? उठला का थो?" कोण कुठला ऑस्ट्रियाचा, नॉर्वेचा, पण तो उठून उभा राहून जाळीबाहेर जाईस्तोवर पुढचा माणूस बघायचा नाही. तिच्यामुळे मी जिंकणाऱ्यांपेक्षा पडणारेच जास्त पाहिले.

आणि तुझे ते आवाजाचे निरोप. रेंज नसते, फोन महाग पडतो म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एक. आज इटलीत आहोत, वरचा भाग कडक होता, मधल्या वळणाला तिघं गेले. आम्हाला पटायचं, कारण दुपारी आम्ही तीच शर्यत पाहिलेली असायची आणि तू सांगायचास ते तंतोतंत जुळायचं. यादीत तुझं नाव का दिसत नाही विचारलं तर म्हणालास, आमच्या सरावाच्या शर्यती आहेत, त्या लावत नाहीत. बरं. "इथं उणे अठरा आहे बाबा, पापण्या गोठतात," असं म्हणालास तेव्हा आईनं तिची शाल अंगावर ओढून घेतली होती. तुझ्या आवाजाच्या मागे एक मोटर घुमायची. मी तिला फुशारकीनं सांगितलं, माणसांना वर नेणाऱ्या पाळण्याची मोटर आहे ही, आणि तिचं बेरिंग गेलंय. युरोपात ग्रीस महाग दिसतं. ती हसली होती. त्या दिवसात ती हसली की मी पुन्हा तेच सांगायचो.

त्या दिवसात म्हणजे पूस महिन्यापासून. तू गेल्यावर तिच्या पोटात दुखायला लागलं, यवतमाळला फोटो काढला, गाठ निघाली. नागपूरला जा म्हणाले. तुला त्याच दिवशी सांगणार होतो. तिनं मोबाइल हातातून काढून घेतला. "त्याले सांगू नका. पोरगं उतारावर उभं हाय अन् तुम्ही त्याले मागून हाक मारता? पडन ना थो." मोसम संपला की सांगू, असं ठरलं. तीन महिने मी तिच्यासमोर बसून तुला गोड आवाजात निरोप पाठवले. आई कापसाला गेलीये, आई हळदीकुंकवाला गेलीये, आई झोपलीये. तुलाही कान आहेत पोरा, माझेच आहेत. तरी तुला त्यात काही ऐकू आलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. माणूस आपल्या माणसाचा आवाज ऐकतो, मागचं ऐकतच नाही.

दर पंधरा दिवसांनी भाड्याची गाडी करून आम्ही नागपूरला जायचो. येताना बुटीबोरीच्या अलीकडे ती थांबायला सांगायची. "थांबवा जरा, गरगरते मले." तिथं चहाची टपरी आहे, समोर कारखान्यांच्या लांबच लांब भिंती. ती गाडीतच बसायची, काच खाली करून. म्हणायची, लावा त्याचं. मी तुझा नवा निरोप लावायचो. तू "ठेवतो बाबा" म्हणालास की मी बंद करायला हात पुढे करायचो आणि ती माझा हात धरायची, राहू द्या. तुझं बोलणं संपल्यावर दोन-चार क्षण नुसताच आवाज चालू असायचा, घुमणारी मोटर वगैरे. तेही ती ऐकायची. मी तेवढ्यात कप परत द्यायला जायचो.

शेवटच्या रविवारी स्लॅलमची दुसरी फेरी होती. नागपूरवाल्यांनी आता घरीच ठेवा असं सांगून झालं होतं. मोबाइल तिला धरवत नव्हता, मी धरला. एक पोरगा अगदी वरच्याच झेंडीत अडकून पडला. तिनं बोट वर केलं. मी थांबवून ठेवलं. तो उठला, झटकलं, हळूहळू कडेनं खाली गेला. मग मोठमोठी नावं गेली, निकालाची पट्टी आली, गाणी लागली. ती म्हणाली, "संपलं ना आता? आता येते थो घरी." मी हो म्हटलं.

त्यानंतर घरात माणसं बसायला येऊ लागली. रहेमाननं रस्त्याच्या कडेला आपल्या टायरच्या दुकानातली बाकडी आणून टाकली. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस, आणि तुझा निरोप आला की पुढच्या मोसमाची तयारी लगेच सुरू होतेय, इथंच थांबतो. माणसं गेल्यावर रिकाम्या घरात मी काय करणार? तुझे निरोप लावत बसलो, पहिल्यापासून. माझा हात धरायला आता कोणी नव्हतं, म्हणून मीच माझा हात मागे ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. महाशिवरात्रीच्या सुमाराचा तुझा एक निरोप आहे. ऑस्ट्रियात जोराचा बर्फ पडतोय, ठेवतो बाबा. मग मोटर. मग लांब एक हॉर्न.

तो हॉर्न मी बसवलेला आहे, कपिल. दोन भोंग्यांचा, एकाची पत्ती तडकलेली, म्हणून शेवटी बकरीसारखा कातरतो. उत्तमसिंगच्या ट्रकचा. मी बदलून देतो म्हटलं तर तो म्हणाला होता, राहू दे भाऊ, तांड्यात पोरं यावरून वळखतात, बाप आला म्हणून. साऱ्या दुनियेत तसा दुसरा नाही, आणि ऑस्ट्रियात तर नाहीच. मी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग उत्तमसिंगला बोलावून विचारलं, महाशिवरात्रीला गाडी कुठं होती? तो म्हणाला, मिरची घेऊन गेलतो ना, बुटीबोरीले, कोल्ड स्टोरेजमध्ये. मी त्याला तुझा आवाज ऐकवला. एरवी बडबड्या माणूस, एवढंच म्हणाला, पुन्हा लाव. पुढच्या खेपेला तो मुद्दाम आत गेला. परत आला तो दुकानात न येता बाहेरच उभा राहिला. "भाऊ, हाय पोरगा. मटाराच्या खोलीत पेट्या उचलते. टोपी, मफलर, डोळेच दिसते. पाय वढते एक." मग गाडीकडे वळता वळता, "आत उणे अठरा राह्यते म्हणे."

तेवढं तर तू खरंच सांगत होतास.

मी रागावलो नाही. रागवायला बळ लागतं. पाय कधी गेला, डिसेंबरात की जानेवारीत, कोणी उचललं, घरी परत धाडलं तेव्हा तिकीट काढून द्यायला कोणी होतं की नाही, हे मला माहीत नाही. दुपारच्या सुट्टीत तू तिथं त्याच शर्यती बघत होतास ज्या आम्ही इथं बघत होतो, एवढं मला कळलं. तू आम्हाला जपत होतास, आम्ही तुला. आणि मध्ये हा सरळ रस्ता, अडीच तासांचा. तिच्या खिडकीच्या समोरच ती भिंत होती. तिला ठाऊक होतं का, हे मी रोज स्वतःला विचारतो. तिला खरंच गरगरत होतं? की तो हॉर्न तिनं माझ्या आधी ऐकला होता, आणि पडलेला आपला आपण उठेस्तोवर ती थांबली होती? तिचे कान माझ्याइतके तिखट नव्हते. पण ती शेवटपर्यंत ऐकायची. मला आता कोण सांगणार?

चौकातला फ्लेक्स मी उतरवला. त्याच्याखालून तुला यायचं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उत्तमसिंग तो मिरचीवर टाकायला घेऊन गेला. तर हे पत्र तोच तुझ्या हातात देईल. तुझ्या फाटकाशी तुझ्याच तोंडाची ताडपत्री बांधलेला ट्रक उभा दिसेल, हसू नकोस. आणि हसू आलं तर हस, तिलाही आलं असतं. कपिल, तुझी आई गेली. त्याच रविवारी, संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी. अग्नी मी दिला. अस्थी लाल फडक्यात बांधून दारातल्या निंबाला टांगल्या आहेत. लोक म्हणतात, इतके दिवस ठेवू नये. मी म्हणतो, मोसम संपला की येतो म्हणाला होता. पैनगंगेचा पूलही याच रस्त्यावर आहे, इथून खाली. मला एकट्याला तिथवर जाववत नाही. उत्तमसिंगला सांगितलंय, फाटकावर एकदाच वाजव, आणि वाजवून झाल्यावर थांब. तुला चालायला वेळ लागेल.

तुझाच,
बाबा