सगळ्यांचा एकच आवाज

१४ ऑक्टोबर, सकाळी साडेसात

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

टाइपरायटरची फीत बदलून, हात दोनदा धुऊन लिहायला बसलो. तरी कोपऱ्यात अंगठा उमटलाच, माफ कर. तुझ्या पुस्तकाची चौथी वही टाइप करायला पोचली. बाबा म्हणतात, परदेशांतून वर्तमानपत्राला बातम्या धाडण्यात अर्धं आयुष्य गेलं, पण माझ्या बहिणीला अजून रेघेवर लिहिता येत नाही. मला मात्र तुझं अक्षर लागतं. आठवीत शाळा सुटली तरी शब्दकोश मांडीवर असतो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची काळजी नको.

काळजी वेगळीच आहे. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. पुलाच्या प्रकरणात मंत्री तोंड उघडतो तो ‘असं बघा’ म्हणून. नावाडीही तेच म्हणतो, नदीकाठची विधवाही, आणि तिचं शेंबडं पोरसुद्धा. थोडे खोडू का? प्रकाशकांना नोव्हेंबरअखेर पुस्तक हवं आहे. आगाऊपणा झाला असेल तर कान धर, पण रागावली नाहीस एवढं कळव.

तुझा भाचा

२३ ऑक्टोबर

चि. पंतोजीस, अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. फक्त तुझं पत्र आल्यापासून झोप कुठे संपते आणि जाग कुठे लागते ते कळेनासं झालं आहे. खिडकीबाहेर समुद्र असावा. दिसतं ते धुकंच. त्यातून एकेक जण खोलीत येतो. मंत्री, नावाडी, विधवा. चेहरे आपापले, आवाज मात्र सगळ्यांचा एकच, मऊ आणि जरा बसलेला. तो माझ्या दुभाष्याचा आवाज आहे. मला त्या देशाची भाषा येत नव्हती रे. लोक बोलायचे आणि तो माझ्या कानाशी वाकून मला समजेल असं सांगायचा. श्वास घ्यावा तसं आधी ‘असं बघा’ म्हणायचा. बातमीत दुभाष्याला जागा नसते, म्हणून मीही दिली नाही.

घोर लागला आहे तो एका वाक्याचा. न बांधलेल्या पुलाचे पैसे कुठे गेले, असं मी विचारलं, तेव्हा मंत्री म्हणाला होता की पूल कागदावर उभा आहे, ज्याला पलीकडे जायचं त्याने कागदावरून जावं. त्या वाक्याने त्याची खुर्ची गेली आणि माझं नाव झालं. पुस्तकाचं नावही त्यातूनच घेतलं आहे. ते त्याचं नसेलच तर? काम थांबव. मी दुभाष्याला शोधायला निघते. दादाला सांग, मफलर घेतला आहे.

वेंधळी आत्या

२ नोव्हेंबर, दुपारी एक

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ताट बाजूला सारून लिहितो आहे. प्रकाशक म्हणाले की जाहिरात होऊन गेली, आता आत्याबाईंनी जुनं उकरू नये. महिनाअखेर पुस्तक हातात नसेल तर करार मोडला समजा. मी तसाच बाहेर पडलो. टोपी तिथेच विसरून आलो. बाबा नकाशावर बोट ठेवून तू कुठवर पोचली असशील ते रोज सांगतात, आणि रोज वेगळं सांगतात.

मी अगदीच थांबलो नाही. त्या वाक्याची जागा कोरी सोडून पुढे टाइप करतो आहे. दोन्हीकडे मजकूर आणि मध्ये पांढरं. बघत बसलं की नदीच वाटते. लवकर कळव, जेवण जात नाही.

तुझा भाचा

१९ नोव्हेंबर

चि. पंतोजीस, अनेक आशीर्वाद. आधी जेव.

सापडला! तेव्हा राहायचा त्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर चष्मे दुरुस्त करतो. केस पिकलेत. दार उघडून म्हणाला, असं बघा, उशीर केलात, चहा निवला. जणू मी दुपारीच बाहेर गेले होते.

वाक्याचं विचारलं, तर काच पुसत पुसतच सांगून टाकलं. मंत्री म्हणे दोनच शब्द बोलला होता : पूल नाही. एवढ्या लांबून आलेल्या बाईच्या हातावर दोनच शब्द ठेवायचे म्हणजे याला कसंसंच झालं, म्हणून पदरचं घातलं. आणखी कुठे घातलंस म्हटलं, तर शपथेवर सांगितलं की एकदाच. नावाडी मला शिव्या घालत होता, त्याचे याने आशीर्वाद केले. आम्ही हसहसून दमलो, आणि मग मला रडू आलं.

पूल नव्हताच, तेव्हा बातमी खोटी नाही. पण वाक्य याचं आहे. तर मंत्र्याला त्याचे दोन शब्द परत कर. नावाड्याचे आशीर्वाद काढ. ‘असं बघा’ एकही खोडू नकोस. आणि पहिल्या पानावर माझ्या नावाखाली टाइप कर : पुस्तकाचं नाव माझ्या दुभाष्याच्या वाक्यातून घेतलं आहे; इथे जो बोलतो तो त्याच्या आवाजात बोलतो. ही ओळ नसेल तर पुस्तकही नको.

तुझी आत्या

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्रकाशकांकडून आत्ताच आलो, बूट अजून पायातच आहेत. ते पहिल्याच पानावर अडले. भाषांतर नसलेल्या पुस्तकात दुभाषी कशाला, ओळ काढा नाहीतर गठ्ठा उचला, म्हणाले. पण मी गठ्ठ्यावरचा हात उचलला नाही आणि बोलायला लागलो. काय बोललो ते धड आठवत नाही. आवाज मऊ येत होता, आणि मी कुणाच्या तरी कानाशी वाकलो आहे असं सारखं वाटत होतं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, राहू दे ओळ.

टोपी द्यायला त्यांचा कारकून जिन्यापर्यंत आला. त्याने विचारलं की तुमच्या घरात सगळेच ‘असं बघा’ म्हणून सुरुवात करतात का.

तुझ्या आणि तुझ्या दुभाष्याच्या मायेत माझाही वाटा राहू दे.

तुझा पंतोजी