मार्सोले घराण्याची चौकशी

१२ जानेवारी १९८६, रविवार
विनीताने आज सांगितलं. मुलगा पॉल मार्सोले, मूळचा लुइझियानाचा, शिकागोत तिच्याच हॉस्पिटलमध्ये. मी आवाज चढवला नाही. मी मॉडर्न आहे. एवढंच म्हणालो, की सगोत्राचा प्रश्न येत नाही हे मान्य, पण घराणं बघितल्याशिवाय आमच्यात मुलगी देत नाहीत. विनीता म्हणाली, शुअर बाबा, तुम्ही चेक करा, घाई नाही. सुलेखानेही मान डोलावली. लग्नाला पंचवीस वर्षं होतील, इतक्या पटकन ती माझ्याशी कधी सहमत झाली नव्हती. म्हणजे निर्णय माझ्या हातात. पंधरा दिवसांत निकाल लावतो.

१८ जानेवारी, शनिवार
बर्फ. लायब्ररी कॅन्सल.

१९ जानेवारी, रविवार
पॉलने फोनवर पणजोबांपर्यंतची नावं दिली. पोरगा आज्ञाधारक आहे. हे लोक अकेडियन. मूळचे फ्रेंच, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कॅनडाच्या किनाऱ्यावर येऊन शेती करू लागले. १७५५ साली इंग्रजांनी हाकलून दिलं, मग हाल काढत लुइझियानाला पोचले. इंग्रजांनी छळलेले आपणही. हा एक मार्क मी त्यांना देऊन टाकला.
जुने रेकॉर्ड फ्रेंचमध्ये आहेत. फ्रेंच शिकायचं ठरवलं. रोज एक धडा.

२ फेब्रुवारी
पहिला धडा चालू आहे. उच्चार अवघड.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ
ट्रेनने शिकागो, मोठी लायब्ररी. मायक्रोफिल्म फिरवून फिरवून बोट लागल्यासारखं झालं, पण सापडला! १६७१ ची जनगणना. एतिएन मार्सोले, शेतकरी. गुरं, मेंढ्या, जमीन, सगळं आहे. खाऊनपिऊन सुखी घर. लायब्रेरियन बाईंना शेकहँड केला.
मात्र घरात जी बाई आहे तिचं आडनाव दुप्रे. आणि पाच मुलं! बायको असती तर मार्सोले नसती का?

२२ फेब्रुवारी, शनिवार
मुलाचं तेच. नातवाचं तेच. पणतवाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाप मार्सोले, आई भलतीच. चार पिढ्या, आणि घरात एकही लग्न नाही! मला अत्यंत दुःख झालं. ट्रेनमध्ये सँडविच खाल्लं, बरंच चवदार होतं.
विनीताला एवढ्यात सांगणार नाही. आधी रिपोर्ट टाइप करतो. सत्य कळलं की ती आपणहूनच मागे फिरेल. बाप वाईट ठरायला नको. घर पुन्हा पूर्वीसारखं होईल, रविवारी तिघांचं पत्ते खेळणं वगैरे.
घरी सुलेखा आणि माझा मित्र गुरुदत्त याची बायको मालिनी फोनवर बेसनाचे लाडू किती लागतील याचा हिशेब करत होत्या. फेब्रुवारीतच दिवाळीची तयारी! बायकांचं प्लॅनिंग अफाट.

८ मार्च, शनिवार
गुरुदत्त पुण्याला चाललाय. आपणहून माझ्या खांद्याचं माप घेऊन गेला, सिल्कचा कुर्ता आणणार म्हणाला. याला म्हणतात मित्र. रिपोर्टचं फक्त त्यालाच सांगितलं. खोकला आला म्हणून तो उठून बाहेर गेला.

२३ मार्च, रविवार
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
काल पॉलचे आईवडील जेवायला आले. बर्फ बघायला आलोय म्हणाले. मार्चच्या अखेरीस कसला बर्फ, असं माझ्या मनात आलंही होतं. श्रीखंड झाल्यावर मी रिपोर्ट वाचला. शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं, की आपल्या घराण्यात चार पिढ्या लग्न झालेलं दिसत नाही, मी आपल्याला दोष देत नाही, पण मुलीचा बाप आहे.
पॉलची आई हसायला लागली ती डोळे पुसेपर्यंत. म्हणाली, आमच्यात बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत तिचंच. जनगणनेत, चर्चमध्ये, थडग्यावरसुद्धा. लग्नांची रजिस्टरं वेगळी असतात, ती तुम्ही बघितली नाहीत का? मी बघितली नव्हती. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव जातं, पुष्कळदा नावही जातं. जगात सगळीकडे असंच असणार असं मी धरून चाललो होतो.
तेवढ्यात पॉलच्या वडिलांनी सुलेखाला विचारलं, एकोणीस एप्रिलच्या हॉलमध्ये हीटिंग आहे ना?
हॉल डिसेंबरमध्येच बुक झालाय. मला सांगण्याच्याही आधी! पत्रिका गेल्या, लाडू ठरले, कुर्ता त्याचसाठी. अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला माहीत. मी विचारलं, मग मला कशाला पिटाळलंत? सुलेखा म्हणाली, घरी असतात तर प्रत्येक गोष्टीत खोडा घातला असतात. विनीता म्हणाली, यू वेअर सो हॅपी, बाबा.
माझ्या पोटच्या मुलीने मला फसवलं. बायकोने फसवलं. गुरुदत्तच्या खोकल्याने फसवलं.

२४ मार्च
लग्नाला जाणार नाही. निर्णय पक्का. कोणी विचारलंच तर सांगेन.

३० मार्च
अजून कोणी विचारलं नाही.

१२ एप्रिल
कुर्ता आला. फक्त मापाला घालून बघितला. बरोबर बसतो, हाही एक दगाच.

२० एप्रिल, रविवार
काल लग्न झालं. माझ्यावाचून कन्यादान अडलं असतं, म्हणून गेलो. गुरुजी म्हणजे आपले अतुलराव, आठवडाभर केमिकल इंजिनियर आणि वीकेंडला पौरोहित्य. पॉलला काश्यप गोत्र लावलं. संकल्पात दोन्हीकडच्या बापांच्या मागच्या तीन-तीन पिढ्यांची नावं घ्यायची होती. मार्सोलेंची मी न विचारता सांगू लागलो, थेट एतिएनपर्यंत. पॉलची आई कौतुकाने बघत होती. अतुलराव म्हणाले, पुरे, आता मुलीकडची. माझ्या वडिलांचं सांगितलं. आजोबांचं सांगितलं. पणजोबांपाशी गाडी अडली. आठवेना. आठवेना म्हणजे, कधी माहीतच नव्हतं. शेवटी सुलेखा कानाशी वाकली आणि म्हणाली, सदाशिव. तिला माझ्या आईने सांगितलं होतं. मी मोठ्याने सदाशिव म्हणालो, विनीताचा हात पॉलच्या हातात दिला, मग मला काही नीट दिसेना.
चार महिन्यांत या लग्नातलं मला काहीही विचारलं नाही. फक्त एक गोष्ट विचारली, ती मला येत नव्हती.