माझ्या मंजुरीशिवाय

सोमवार, १४ जुलै
आज डाळ मिलमध्ये क्रांती! हितेंद्रशेठनी वर्कफ्लोचं सॉफ्टवेअर घेतलं. कुठलं काम कुणाकडे किती वेळ पडून आहे, सगळं स्क्रीनवर दिसणार. कामाच्या पायऱ्या आखायची जबाबदारी माझ्यावर. शेठ म्हणाले, दिवाळीनंतर दोन मॅनेजर नकोत, एकच ठेवू. गोडाऊनचा सुकदेव जाणार, बिचारा. वाईट वाटलं. मग चहा घेतला.

बुधवार, १६ जुलै
तूर उतरवण्यापासून ट्रक सुटेपर्यंत नऊ पायऱ्या. प्रत्येक पायरीला 'मंजुरी: प्रेमराज'. कंट्रोल पाहिजे. आजवर सुकदेव नुसता फाटकातून ओरडायचा, गाडी भराई गयी, की गाडी सुटायची. ही काय सिस्टीम झाली?
संकल्प: रोज सकाळी आठच्या आत सगळ्या मंजुऱ्या.

शनिवार, १९ जुलै
जमलं नाही. चष्मा सापडेना.

मंगळवार, २२ जुलै
आवारात ट्रकच ट्रक. ड्रायव्हर पत्ते कुटतायत. सुकदेव तोंड वर करून सांगायला आला, साहेब, बठ्ठ्या गाड्या तुमना मोबाईलमा अडकेल शेतस. म्हटलं, तक्रारसुद्धा ॲपवरच टाक. टाकली. तीही माझ्याच मंजुरीला आली. उद्या बघू.

शनिवार, २६ जुलै
पहिला रिपोर्ट. सुकदेवकडे काम दहा मिनिटंसुद्धा थांबत नाही, माझ्याकडे दोन-दोन दिवस. म्हणजे सगळ्यात जास्त काम कुणाकडे? शेठनी रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. भारावले असणार. हल्ली मी आत शिरलो की सगळे उठून आपापल्या जागी जातात. दरारा!  

शुक्रवार, १ ऑगस्ट
जबरदस्त आयडिया! श्रावणातल्या कानबाईच्या सणाला, रोटांना गावी पिंपळनेरला जातोच आहे, मुक्काम बुधवारपर्यंत वाढवतो. मिल ठप्प झाली की कळेल माझी किंमत. शेठ रजेला चटकन हो म्हणाले. वर, काका, अगदी निवांत या, घाई नको. ऑफिसातल्या कॉम्प्युटर ऑपरेटर सदफनं माझ्या ड्रॉवरची चावी मागितली. पोरीनं मान काही वर केली नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट
कानबाईचं विसर्जन. गल्ली नाचली, मी मोबाईल धरून उभा. मिलमधून एकही फोन नाही. रेंज फुल. बायकोच्या फोनवरून रिंग देऊन पाहिली. वाजतोय.

मंगळवार, ५ ऑगस्ट
राहवलं नाही. सदफला विचारलं, किती ट्रक अडकले? म्हणाली, एकही नाही सर, सगळे वेळेत गेले. मग हळूच म्हणाली, तब्येतीला जपा सर. मला काय झालंय? बायको विचारते, चेहरा का उतरला? म्हटलं, पुरणपोळी जास्त झाली. खरं म्हणजे भीती वाटतेय.

गुरुवार, ७ ऑगस्ट
माझ्या टेबलावर प्रिंटर बसलाय. नऊ पायऱ्यांच्या तीन केल्यात. ॲपमध्ये माझ्या नावापुढे 'फक्त पाहू शकतात'. देखरेखीची वरची पोस्ट असावी, असं मनाला सांगतोय तोच स्क्रीनवर नवीन काम आलं: प्रेमराज यांना कार्यमुक्त करणे. सदफची मंजुरी. सुकदेवची मंजुरी. शेठची मंजुरी. माझा चहा संपायच्या आत काम पूर्ण, हिरवी टिक. आमच्या मिलमध्ये इतकं झटपट काम आजवर झालं नव्हतं. मी स्वतः पाहिलं.
बायकोला अजून सांगितलेलं नाही. डबा मात्र पूर्ण खाल्ला.