आगोगोच्या घरी जेवलो ते पाच दिवस

२८ जाने., मंगळ.

खर्र... खर्र... थोडं थांबून पुन्हा खर्र. लाकडी पळी पातेल्याच्या तळाला घासल्याचा आवाज. बत्तीस वर्षांपूर्वीचा. आज दिवेलागणीला खिचडी उतरवली आणि स्पष्ट ऐकला. माझी पळी तर स्टीलची. शेजारी विचारून आलो, तिकडे कुणी भांडी घासत नव्हतं. शेजारीण म्हणाली, "मास्टरजी, कान दिखवा लो."

कान ठीक आहेत.

दुपारी पास्टरचा फोन. पोरगेला आहे, पण मनाचा चांगला. चर्चची तरुण मंडळी उन्हाळ्यात आफ्रिकेत, मलावीला सेवेला निघालीत. बत्तीस वर्षांपूर्वी मी गेलो होतो तिथेच. "अंकल, संडे को आपकी गवाही रखी है. वही मुर्गी वाली. पाँच मिनट, बस." गवाही, म्हणजे चर्चपुढे सांगायची साक्ष. हो म्हणालो. कधी नाही म्हणालोय?

कोंबडीची गोष्ट आता शाळेतल्या कवितेसारखी पाठ आहे. आम्ही शाळेची खोली बांधायला गेलो. मी एका म्हातारीकडे उतरलो. तिला सगळे आगोगो म्हणत, म्हणजे आजी. विधवा, मातीचं घर, पदरी तीन नातवंडं. तिने स्वतःची चटई मला दिली, गुडघे टेकून माझ्या हातांवर पाणी घातलं, आणि होती ती एकच कोंबडी माझ्यासाठी कापली. इथे लोक डोळे पुसतात. मी थांबतो. कुठे थांबायचं तेही पाठ आहे.

उरलेली अर्धी गोष्ट कुणालाच सांगितली नाही. सु.लाही नाही. इतकी वर्षं एका घरात, एका उशाशी, आणि बायकोलाही... ती जाऊन चार वर्षं झाली. आता सांगणार कुणाला.

३० जाने., गुरु.

टोपी बाजारातून कोरी वही आणली, गवाही लिहून काढावी म्हणून. दुकानदार म्हणे, "गुरुजी, कविता फिर चालू?" हसलो.

लिहितो. वहीत तरी.

आईची शिस्त होती, पानात टाकायचं नाही. नगरकडून ग्वाल्हेरला आलो तेव्हा सामान थोडं आणि ही शिस्त. भाताचं एक शीत राहिलं तरी ती ताटासमोरून उठू देत नसे. तीच घेऊन मलावीत गेलो. आगोगो मक्याच्या पिठाचे पांढरे गोळे आणि पाल्याची भाजी झाकून पुढे ठेवायची. तीन माणसांना पुरेल इतकं. पाचही दिवस चाटूनपुसून खाल्लं. पोट तुडुंब झालं तरी खाल्लं. वर रिकामं भांडं कलतं करून दाखवायचो, वर्गातल्या शहाण्या मुलासारखा. ती टाळ्या वाजवायची. मग घरामागून, खर्र, खर्र. वाटायचं, भांडी घासताहेत. इतकं गोड वाटलं की यमक जुळवलं:

खर्र खर्र पळी बोलते,
दूर देशची माय हसते.

परत आल्यावर चौथीच्या वर्गाकडून तालावर म्हणून घेतलं. चाळीस पोरं, बाकावर हात आपटून. देवा.

शेवटच्या सकाळी दुभाषा जोसेफ सहज बोलल्यासारखं बोलला. "आमच्यात पाहुणा आधी जेवतो. तो ठेवेल ते मुलांचं. तुम्ही काही ठेवलंच नाहीत. पोरांनी पाच दिवस पातेल्याची खरवड खाल्ली."

"आधी का नाही सांगितलंस?"

"आगोगोने शपथ घातली होती. म्हणाली, लांबून आलाय, भुकेला आहे."

जीप सुरू होती. माफी मागायला एक वाक्य पुरलं असतं. जोसेफ शेजारीच होता. मी म्हणालो, "तिला धन्यवाद सांग." बस, एवढंच. धाकटी नात पळी चोखत उभी होती. तिने हात हलवला. मीही हलवला.

१ फेब्रु., शनि.

गारठा. बाड्यावर बाजाराला जायचं होतं, नाही गेलो.

तेव्हापासून दुसऱ्याच्या घरी घास घशाखाली उतरत नाही. पोटाचं निमित्त करतो. सु. सांभाळून घ्यायची, "ह्यांना पथ्य आहे." लोक ऐकून घ्यायचे.

दतियाला नाही ऐकलं. नऊ वर्षं झाली. मुलाचं, प्रदीपचं लग्न ठरलेलं, होणाऱ्या सुनेच्या, रोशनीच्या घरी पहिलं जेवण. रोशनीची आई फूलवती, विधवा, दवाखान्यात आया, एका खोलीत संसार. पुऱ्या, बटाट्याची भाजी, खीर. दारात तिची भाचरं ओळीने उभी, डोळे माझ्या ताटावर. मी घास उचलला, ठेवला, उठलो. तिने ताटावर ताट झाकलं आणि म्हणाली, "हमारे हाथ का नहीं चलता तो कह देते, समधी जी. बाज़ार से मँगा लेते."

मी चपला घातल्या. त्यांना वाटलं, मी जात पाहिली. चर्चमध्ये येऊनही जात पाहिली. प्रदीपला आजही तेच वाटतं. झाशीला राहतो, दीड तासाची वाट. सणाला फोन, "बाबा, बरे आहात ना?", ठेवला. नातीला मी दोनदा पाहिलंय.

खरं सांगावं तर आगोगो सांगावी लागते. ती सांगितली की मग इतकी वर्षं कोंबडीवर मिळवलेले ते ओले डोळे...

सकाळी प्रदीपला फोन लावला. वाजायच्या आत कापला.

२ फेब्रु., रवि.

सांगितलं.

वही धरून उभा राहिलो. कोंबडीपाशी सवयीने थांबलो. लोकांनी रुमाल काढले. मग पुढे वाचलं. रुमाल तसेच हातात राहिले. यमकही वाचलं. आणि शेवटी न लिहिलेलं एक बोललो: एका घरी मी भरलं ताट सोडून उठलो. ते घर हलकं नव्हतं. तिथे ताटाकडे बघणारी मुलं होती आणि मला जेवता येईना. हे त्या घराला मी आजवर सांगितलं नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. बाहेर एक बाई म्हणाली, "मास्टरजी, बच्चों को डरा दिया आपने." पास्टरने हात धरला, काही बोलायचं होतं त्याला, पण तेवढ्यात कुणीतरी बोलावलं. मलावीला जाणाऱ्यांपैकी एका मुलाने विचारलं, "तो सर, हम क्या करें? भूखे उठ जाएँ?"

"पहले पूछना, बच्चों ने खाया क्या."

"और झूठ बोलें तो?"

तो प्रश्न वहीत उतरवून घेतला.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. संध्याकाळी पळीचा आवाज आलाच.

५ फेब्रु., बुध.

दुपारी एक. दार वाजलं. गॅसवाला असेल म्हणून बनियनवरच उघडलं.

फूलवती. केस पार पांढरे झालेत. हातात काही नाही, जिना चढून धाप लागलेली.

"पहचाना कि नहीं?"

आत आली, न सांगता बसली. "इतवार को किसी ने वीडियो भेजा था. रोशनी ने दिखाया. हमने दो बार देखा." मी शाल शोधत होतो.

"नौ साल, समधी जी. नौ साल हम यही सोचते रहे कि खीर में का खोट था."

"उस दिन मेरा पेट..." तोंडातून सवयीने गेलं.

"पेट का नाम मत लेना!" इतक्या जोरात, की शेजारीण दारात येऊन बघून गेली.

मग आवाज खाली आणून, "सबेरे की गाड़ी से चले हैं. भूख लगी है. खिलाओगे?"

पातेल्यात एकापुरती खिचडी. म्हणालो, थोडं थांबा, ताजा भात लावतो.

"बना लो, हम बैठे हैं. पर दो थाली लगाना. हम अकेले नहीं खाएँगे."

कुकर चढवलाय. शिट्टी व्हायची आहे, म्हणून ओट्यापाशी उभ्याने हे लिहितोय. अक्षर बघवत नाही. माफी अजून मागितलेली नाही. इथे दुभाषा लागत नाही, तरी. ताटं दोन काढली. सु. गेल्यापासून कुणासमोर बसून जेवलेलो नाही. घास उतरला नाही तर? तिच्यासमोर, दुसऱ्यांदा...

बाहेरून विचारतेय, "अचार है कि नहीं?"

आहे. एवढं तरी सांगून येतो.