अधिक वैशाखातला वाढदिवस

वर्धा,
अधिक श्रावण

अहो मास्तर,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, आणि मी आज पहिल्यांदा पत्र लिहायला बसले आहे. एरवी मनातल्या मनात बोलतेच तुमच्याशी. पण काल जे कळलं ते मनातल्या मनात बोलून संपेना.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. यंदा श्रावण दोन आले आहेत. कोणत्या श्रावणात करायचं, असं आपल्या वसंताने नागपूरहून दोनदा विचारलं. भटजी म्हणाले, पहिल्या वर्षाचं अधिकातच करायचं. जेवणं आटोपल्यावर मी आणि तुमची गोदा मागच्या छपरीत टेकलो होतो. ती अल्लीपूरहून आदल्या दिवशीच आली होती. मी सहज म्हणाले, या अधिक महिन्याने एकदा आपल्याला चांगलंच फसवलं होतं, तुझ्या भावाला साधं पंचांग वाचता आलं नाही.

गोदा हसली नाही. म्हणाली, "दादाले ठाऊक होतं वो वहिनी. त्याले मद्रासलेच समजलं होतं."

खरं का हो हे?

आठवतं ना तुम्हाला? त्रेपन्न सालचा उन्हाळा. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि आपण दोघंच असे कुठे म्हणून गेलो नव्हतो. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास, चारही दिशांच्या गाड्या आपल्या स्टेशनावर थांबायच्या आणि आपण फक्त पाहुण्यांना पोचवायला जायचो. भूगोल शिकवणाऱ्या माणसाने समुद्र पाहिला नव्हता! नकाशातला निळा रंग दाखवायचा आणि पुढे सरकायचं.

आपल्या घरी वाढदिवस तिथीने. माझा मात्र तारखेने, कारण माझी तिथी माझ्या माहेरीही कुणी लिहून ठेवली नव्हती. मिशनच्या शाळेत त्या दिवशी सिस्टर माझ्या बाकावर एक लहानसं चित्र ठेवायच्या, हे मी तुम्हाला लग्नानंतर कधीतरी सांगितलं. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला, शाळेत निघण्याआधी, तुम्ही पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एका शहराचा नकाशा काढून माझ्या डब्यांच्या फळीवर ठेवायचात. इथे उतरायचं, इथे राहायचं, इथून समुद्र दिसतो. रस्त्यावर दोन ठिपके. एक तुम्ही, एक मी. सासूबाईंना वाटायचं, शाळेचं काम विसरून गेला.

सासूबाई मद्रासच्या आदल्या वर्षी गेल्या. जाताना मला जवळ बोलावून म्हणाल्या, "तुमच्या मडमाईच्या शाळंत तारखा राह्यतात. आमच्या घरी तिथी पाह्यतात. मी गेल्यावर लेकराईच्या तिथी तू इसरशील, सुमते." त्या रागाने बोलल्या नव्हत्या. पण मला ते इतकं लागलं, की एकही तिथी चुकवायची नाही असं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. आपल्या धाकट्या सुशीचा वाढदिवस वैशाख शुद्ध द्वादशीचा. सासूबाईंच्या मागे घरात येणारा तो पहिलाच वाढदिवस.

आणि तुम्ही मद्रासची तिकिटं काढलीत. आठ दिवसांचा बेत. निघायच्या घाईत मी पंचांग उघडून पाहिलंच नाही. गोदा मुलांजवळ येऊन राहिली.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी मी इंग्रजीत बोलले, आणि तुम्ही एखाद्या विद्यार्थिनीचं पारितोषिक पाहावं तसे पाहत राहिलात. पुढे मग दुकानदार, खानावळवाला, सगळ्यांशी मलाच बोलायला लावलंत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभे होतात. लाट आली की मागे व्हायचात, गेली की पुढे. किनाऱ्यावरची पोरं हसत होती. मी हाक मारली तर म्हणालात, अजून जरा. शहाळं पिऊन झालं, दिवे लागले, तरी तुमचं अजून जरा संपेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकादशी कधी ते पाहायला मी ट्रंकेतलं त्या सालचं पंचांग काढलं. एकादशी उद्या, परवा वैशाख शुद्ध द्वादशी. सुशीचा वाढदिवस परवा, आणि मी इथे! पहिल्याच वर्षी! मी रडायलाच लागले. तुम्ही माझ्या हातून पंचांग घेतलंत, ते पान बराच वेळ पाहिलंत, मग मिटून ट्रंकेत ठेवलंत. म्हणालात, "चल. आज संध्याकाळची गाडी मिळेल."

द्वादशीला सकाळी घरी मी पाट मांडला, रांगोळी घातली, सुशीला ओवाळलं. खीर केली. सासूबाईंच्या तसबिरीकडे मान वर करून पाहिलं.

पुढे तीन आठवड्यांनी शेजारच्या काकू अक्षय्य तृतीयेचं काय काय आणायचं ते विचारायला आल्या, तेव्हा मला उमगलं. तो अधिक वैशाख होता! पानाच्या डोक्यावर छापलेलं होतं आणि मी नुसत्या तिथ्याच वाचल्या होत्या. खरा वाढदिवस अजून यायचाच होता. मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, "अरेच्चा! माझ्याही लक्षात नाही आलं."

सुशीचं काय, तिला एका वर्षात दोन वाढदिवस मिळाले. आणि आम्हाला एक गोष्ट मिळाली. दर वैशाखात, पंगत बसली की कुणीतरी म्हणायचं, मद्रासची गोष्ट सांगा. मी सांगायची. जगाचा नकाशा पाठ असलेल्या मास्तरांना पंचांगाचं एक पान वाचता आलं नाही हो! सगळे हसायचे. वसंता तुमची नक्कल करायचा. तुम्हीही पानावर मान घालून हसायचात. चार वर्षं मी ती गोष्ट सांगितली. शेवटच्या वैशाखात तुम्हाला खोकल्याने नीट हसताही येत नव्हतं, तेव्हासुद्धा.

गोदा म्हणते, आपण परत आलो त्या रात्रीच तिने तुम्हाला विचारलं होतं, हा तर अधिक महिना, मग परत काऊन आले? तुम्ही तिला म्हणालात, "तिले सांगू नको. आईसाठी तिथी राखली म्हणून तिले बरं वाटून राह्यलं. वाटू दे."

मास्तर, तुम्ही मला का नाही सांगितलंत? अर्धा तास मला लाज वाटली असती. फार तर तास. मग मी डोळे पुसले असते आणि आपल्याकडे पाच दिवस उरले असते. माझा एक तास वाचवायला तुम्ही आपल्या दोघांचे पाच दिवस देऊन टाकलेत, मला न विचारता! ते पाच दिवस माझेही होते.

त्यानंतर मी विचारलं की तुम्ही पुढच्या सुट्टीत म्हणायचात. एक सुट्टी परीक्षेच्या कामात गेली, एक वसंताच्या लग्नात, मग तुमची छाती. नकाशे मात्र येत राहिले. मला वाटायचं, या माणसाला नुसती चित्रं काढायला आवडतात, माझ्याबरोबर जायला नाही. हे मी एकदा तुम्हाला बोलूनही दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत. की माझी पुन्हा अशीच धावपळ होईल म्हणून तुम्हीच जायचं टाळत होतात? गोदाला ते ठाऊक नाही. आता कुणालाच ठाऊक नाही.

यंदा माझी तारीख आली आणि गेली. घरात कुणाला ती माहीत नाही, मुलांना मी कधी सांगितलीच नव्हती. वसंता म्हणतो, आई, दिवाळीनंतर मद्रासला जाऊन येऊ. मी नको म्हटलं. एकटीने तिथे जाऊन मी काय पाहू? तुम्ही उभे होतात ती जागा पाण्याने केव्हाच पुसली असेल.

माफी मागावी तर ती कुणाजवळ? सुशीजवळ, वसंताजवळ मागून काय होणार? हसले ते सगळे, पण हसवलं मी.

एवढं वचन देते. येत्या वैशाखात सुशीला सतरावं लागेल. पंगत बसेल, कुणीतरी म्हणेल, मद्रासची गोष्ट सांगा. मी सांगेन. पंचांग वाचता आलं नाही ते मला, मास्तरांनी ते वाचलं होतं, एवढंच सांगेन. कुणी हसणार नाही. तुमचा पाट रिकामा असेल. मी वाढायला उठेन, आणि त्यानंतर ती गोष्ट या घरात पुन्हा सांगणार नाही.

तुमची,
सुमती