बाराव्या दिवसाआधीची पोरं

१२ फेब्रुवारी १९४४

केरबाच्या नातवाचं बारसं. राहीनं पाळण्याची दोरी धरली तर चंद्राबाईनं तिच्या हातातून काढून घेतली. सगळ्या बायांसमोर. "राही, तू मागं बस गं. तुझं सोताचं टिकत न्हाई, दुसऱ्याच्यावर कशाला हात?"

राही मागं बसली. मी घुगऱ्या खाल्ल्या. मीठ जास्त झालेलं.

राही माझी सून. दोन पोरं झाली, दोन्ही बारसं व्हायच्या आत गेली. आता परत दिवस आहेत. माझा मुलगा मानसिंग गणपतीला रजेवर आलेला, आता त्याची पलटण बर्माच्या बाजूला. त्यानंच मला अक्षरं शिकवली, पत्र लिहिता यावं म्हणून. पत्रात हे असलं लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी

चंद्राबाई आली. माझी धाकटी जाऊ, आणि जीभ माझ्याहून दोन बोटं लांब. म्हणाली, "अक्का, ह्या खेपंचं बी गेलं तर काय? माझी तासगावची भाची हाय. धडधाकट. मानसिंग आला की उरकून टाकू. ही जाईल बापाकडं."

राही चुलीपुढं होती. भाकरी थापायचा आवाज थांबला नाही.

मी व्हय म्हणाले. खरं तर मला काही वाटलंच नाही. चंद्राबाई गेली, मग मी ताक प्याले.

२ मार्च

मिरजेहून डॉक्टरीण आली. बारीक अंगाची, चष्मा, पायात पुरुषासारखे बूट. संगं नर्स जैनब. तिचा बाप मिरजेला तंबोरे करतो. मी म्हटलं, बाप भोपळे पोखरतो आणि तू पोरं तोलतीस होय? ती हसली. पोरगी बरी आहे.

शाळेच्या ओसरीच्या वाशाला काटा टांगला, खाली कापडाची झोळी. आसपासच्या आठ गावांतली तान्ही पोरं तोलायची म्हणे. बाया विचारायला लागल्या, कशाला? लढाईला न्यायची का काय? मग डॉक्टरणीनं सांगितलं.

मिरजेच्या बाजूला दवाखान्यात जन्मणारं पोर सरासरी सहा पौंडांचं भरतं. कुणी सात, कुणी पाच, पण सगळ्यांची वाटणी सारखी केली तर सहा. तिला वाटतंय की आपल्याकडची पोरं हलकी जन्मतात. पण नुसतं वाटून सरकार ऐकत नाही. म्हणून आधी धरून चालायचं की इथंही सहाच. मग चाळीस पोरं तोलायची. त्यांची वाटणी सहाच्या आसपास आली तर धरलेलं राहू द्यायचं. नुसत्या नशिबानं येणारच नाही इतकी खाली आली, तर धरलेलं मोडलं. मग ती वरती लिहिणार, गरोदर बायांना दूध द्या, हिवतापाच्या गोळ्या द्या.

मी विचारलं, "चाळिसावरनं आठ गावांचं कसं कळंल?"

"आजी, बाजारात जोंधळ्याचं पोतं घेताना अख्खं ओतून बघता का? हात घालून मूठभर काढता."

"वरनंच मूठ घेतली तर फसतो की. वर चांगला माल घालत्यात."

"म्हणून तर आतपर्यंत हात घालायचा." हे म्हणताना माझ्याकडंच बघत होती.

घरी येऊन तेच डोक्यात. तिची रीत बरी. आधी धरायचं, मग तपासायचं, आणि चुकलं तर सोडायचं. आमच्यात नुसतं धरतात.

१० मार्च

नुसती जत्रा शाळेपुढं! बायांनी पोरं तेल लावून, चोळून आणलीत. झोळीत घालायच्या आधी पिशवीत माल भरावा तसं पोटभर पाजतात, म्हणजे वजन भरेल. केरबाच्या सुनेनं तर पोराच्या पायातले वाळेसुद्धा काढले नाहीत. जैनब म्हणते, "चांदी वजनात धरत नाहीत, वहिनी."

सगळी गुटगुटीत. सगळी बारशानंतरची. बारशाच्या आत पोर बाहेर काढायचं नाही, परक्याच्या नजरेला दाखवायचं नाही, तोलायचं तर नाहीच. पाचवीला सटवाई येते, तिच्या आधी पोराला मोजलं की ती पोरावर उठते. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी राहीला. गावात नवी पोरं विचारली तर बाया म्हणतात, न्हाई झाली.

४ एप्रिल

चाळीस झाली. वाटणी आली सहाला थोडीशीच कमी. डॉक्टरीण म्हणाली, एवढ्यानं काही मोडत नाही.

चंद्राबाई भर ओसरीत म्हणाली, "बघा! गाव चांगलं हाय, पोरं चांगली हायती. खोट असंल तर एकीच्याच कुशीत."

डॉक्टरीण माझ्याजवळ येऊन बसली. हळू बोलली. "आजी, दवाखान्यात जन्मल्या दिवशी तोलतात. इथं दोन-दोन आठवड्यांची आली, दूध पिऊन वाढलेली. आणि जी तोवर जगलीच नाहीत ती कुठायत? माझी मूठ पोत्याच्या वरचीच आहे. तुमचं बाया ऐकतात. बाराव्या दिवसाआधीचं एक तरी दाखवा."

मी म्हटलं, न्हाई कुणाचं.

तिनं काटा उतरवला. बूट झटकले आणि गेली.

५ एप्रिल

राहीचे पाय सुजलेत. आज भांगलायला पाठवली नाही.

२० एप्रिल

गोवऱ्या आणायला ओढ्याकडं गेले होते. वरच्या अंगाला, करंजाखाली, आमची तान्ही पुरतात. पुरलं की कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. मोजायचे नव्हते म्हणून पायाकडं बघतच चालले. पायाकडं बघितलं तर सगळीकडं तेच दगड.

राहीचे दोन त्यातले. माझे तीन. केरबाच्या घरचे. चंद्राबाईच्या थोरल्या सुनेचा पण एक आहे, ती आता सांगत नाही. आमच्यातली हलकी सगळी इथं. काट्यावर चढली ती उरलेली.

हे मला आधीच ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि न्हाई म्हणाले.

गोवऱ्या पुरेशा नव्हत्या. परत आले.

३० मे

पहाटे राही बाळंत झाली. मुलगी. रडली, पण मांजराच्या पिल्लागत.

उजाडताच माणूस शेजारच्या कोरेगावला पाठवला, जैनब आताशा नर्स म्हणून तिथंच राहते. ती सायकलीवरनं काटा बांधून आली. चंद्राबाई दारात आडवी. "अक्का, याड लागलं का तुमास्नी? पाचवी व्हायची हाय. सटवाई उठंल."

"सटवाईनं दोन नेली तवा काटा कुठं हुता गं?"

ती दारातनं बाजूला झाली.

सव्वाचार पौंड. जैनबनं दोनदा तोललं. मी म्हटलं, एकदाच लिही, पोरगी एकच आहे. राही उशीवरनं बघत होती. म्हणाली, "आत्याबाई, माझी पैली दोन बी एवढीच हुती. हाताला कळतं."

१ जून

गेली.

२ जून

करंजाखाली ठेवून आलो. दगड मीच उचलला. राहीनं घरी येऊन दुधानं भिजलेलं लुगडं बदललं, चूल पेटवली. दोघी जेवलो.

९ जून

चंद्राबाईचा निरोप. तासगावला सांगू का? मी कळवलं, थांब. तिनं विचारलं, कशाला? मी म्हटलं, चाळीस होऊ देत.

जैनबला म्हटलं, काटा माझ्याकडं ठेव. ती म्हणाली, वाचता येईल का आजी? मी म्हटलं, अक्षरापेक्षा आकडे सोपे, ते खोटं बोलत नाहीत. मग तिनं काट्यावरच्या रेघा समजावून दिल्या. एक रेघ मी चुकीची वाचली. तिनं परत दाखवली. मग चुकले नाही.

२५ जून

घरोघर फिरते. कुणाकडं वेणा लागल्या कळलं की झोळी खांद्यावर. बाया दार लावतात. मी उंबऱ्यावर बसते. आतल्या सासूला सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, तुझी किती करंजाखाली? मग दार उघडतं.

एकीनं शिव्या घातल्या. मी पण घातल्या. तरी पोर तोललं. पावणेपाच.

इतर गावांत जैनब दुसरा काटा घेऊन असंच करते, पण गोड बोलून. तिला जमतं.

१६ जुलै

पाऊस. पायाला चिखल्या झाल्यात. राही रोज रात्री त्यावर तेल लावते. बापाकडं जायचं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलंय तिनं. मला दिसतं. तिला माहीत आहे की मला दिसतं.

१९ ऑगस्ट

डॉक्टरीण आली. आठ गावांची मिळून चाळीस झाली, सगळी जन्मल्या दिवशी तोललेली. जगलेली आणि न जगलेली, दोन्ही. वाटणी पाच पौंड आणि वर थोडं.

मी विचारलं, "हे नशिबानं न्हाई कशावरनं?"

"इथली पोरं खरोखर सहाची असती, तर चाळिसांची मूठ इतकी हलकी हाताला लागणं हजारात एकदासुद्धा व्हायचं नाही. धरलेलं मोडलं, आजी."

"मग खोट कुणाची?"

"एका बाईची नाही. एवढं नक्की सांगते. हिवताप असेल, पोटाला कमी असेल, ते पुढं शोधू. पण आठ गावांत आहे, एका कुशीत नाही."

हेच चावडीवर सगळ्यांसमोर बोला म्हटलं. बोलली. चंद्राबाई मागं बसली होती. तिची धाकटी सून शेजारी, पोट पुढं आलेलं. सरकार दूध देईल का नाही, देव जाणे. लिहिलंय म्हणाली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. दळण राहिलं होतं, ते केलं.

२० ऑगस्ट

कोपऱ्यातलं गाठोडं सोडलेलं. लुगडी परत दांडीवर.

११ सप्टेंबर

दिवस उगवायला चंद्राबाई दारात. धापा टाकत. धाकट्या सुनेला मुलगा झाला, लय बारका. मी खुंटीवरच्या काट्याकडं हात केला तर म्हणाली, "अक्का, तुमी नगा. राहीला धाडा. तिच्या हाताला वजन कळतं म्हणं."

राहीनं झोळी खांद्यावर टाकली. बाळंतिणीच्या खोलीत गेली. चंद्राबाईनं स्वतः दार उघडून धरलं.