नदीनच्या शेजारचं मशीन

शनिवार, ४ मे

आज फोनवर नदीनला सांगून टाकलं की व्हिडिओ पोकर म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

खरी परिस्थिती: बावीस वर्षं हेंडरसनमध्ये राहतोय, एकाही कॅसिनोत पाऊल टाकलेलं नाही. हे मी आजवर लोकांना छाती फुगवून सांगत आलो. नदीनला सांगायची मात्र हिंमत झाली नाही. ती दर गुरुवारी दुपारी बहिणीबरोबर ‘सिल्व्हर बरो’ कॅसिनोत खेळायला जाते. म्हणाली, तू खेळतोस का रे कधी? नाही म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता आणि पुन्हा हवापाण्यावर आलो असतो. नेवाडात हवेबद्दल बोलण्यासारखं काही नसतं. ऊन असतं.

म्हणाली, "मग ये की या गुरुवारी. बघू तरी तुझा डावा हात."

नदीन कुबिआक. वय एक्कावन्न. दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला असते. मार्चमध्ये तिच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाचा पंप दुरुस्त केला तेव्हा तिने मला लिंबू सरबत दिलं. काचेच्या ग्लासात. कागदी कपात नाही. पंपवाल्याला काचेचा ग्लास कोणी देत नाही. तेव्हाच ठरवलं. लग्न.

योजना सरळ आहे. पहिल्या गुरुवारी छाप पाडायची. दुसऱ्या गुरुवारी विचारायचं.

रविवार, ५ मे

लायब्ररीतून पुस्तक आणलं. एकच होतं. मुखपृष्ठावर रुंद कॉलरचा, कल्लेवाला माणूस मशीनला टेकून हसतोय. थोडं जुनं आहे, पण ज्ञान शिळं होत नाही. पंप मी असाच शिकलो. कॉलेजचं तोंड न बघता, नुसती माहितीपत्रकं वाचून. एका माहितीपत्रकात आकृतीतली चूक शोधून कंपनीला कळवली होती. उत्तर आलं नाही. लाज वाटली असणार.

खेळ सोपा आहे. मशीन पडद्यावर पाच पानं देतं. हवी ती ठेवायची, नको ती एकदाच बदलायची. शेवटी हातात जे राहील त्यावर बक्षीस. एक जोडी आली तर थोडं, एकाच रंगाची पाच आली तर बरंच. आणि एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी अशी सगळी एकाच रंगाची आली तर माणूस उठून नाचतो. (पुस्तकात नाचणाऱ्या माणसाचा फोटो आहे.) कुठली पानं ठेवावीत याचा तक्ता मागे दिलाय. सगळं गणित. नशिबाचा संबंध नाही. लोक उगाच हरतात.

तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवून लॅमिनेट केला. स्वयंपाकघरात पत्ते मांडून सराव केला. एकही चूक नाही. टेबलाकडून चांगलंच जिंकलो.

बुधवार, ८ मे

तयारी पूर्ण.

बँकेतून पाव डॉलरच्या नाण्यांच्या गुंडाळ्या आणल्या. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "साहेब, कपडे धुवायची मशीनं आहेत का तुमची?" मी नुसता हसलो. जाणकार माणूस सगळंच सांगत बसत नाही.

नाणी हाताळून बोटं काळी पडतात असं पुस्तकात आहे, म्हणून ओले रुमाल. जिंकलेली नाणी ठेवायला प्लॅस्टिकचा मोठा पेला. तक्ता. दूरचा चष्मा, जवळचा चष्मा. निळा शर्ट, इस्त्री करून.

पहिल्या भेटीत काय अपेक्षा ठेवावी, यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. शांत राहावे, खेळाचा आनंद घ्यावा, शेजारच्यांशी मैत्री करावी. तिन्ही गोष्टी मला जन्मतःच येतात.

गुरुवार, ९ मे, संध्याकाळी

घरी आलो. आधी वाटलं आज काही लिहूच नये. पण शिस्त म्हणजे शिस्त.

दारातच नदीन म्हणाली, तुझं कार्ड कुठाय? बरोत खेळणाऱ्या प्रत्येकाकडे क्लबचं कार्ड असतं, ते मशीनमध्ये घालून बसतात, मग जेवण स्वस्त पडतं. हे पुस्तकात नव्हतं. मी म्हणालो, हरवलं. ती म्हणाली, चल मग, नवीन काढू. काउंटरवरच्या पोराने संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, तुमचं नाव आमच्याकडे कधीच नव्हतं! पहिल्यांदाच ना? या, या!" आणि त्याने घंटा वाजवली. नव्या सभासदासाठी घंटा वाजवायची पद्धत आहे त्यांच्यात. मला एक चक्र फिरवायला लावलं. पिवळा टीशर्ट मिळाला. त्यावर सनग्लासेस घातलेलं गाढव आहे, कारण बरो म्हणजे गाढव.

नदीन भिंतीला धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "डावा हात का? अरे, सरळ सांगायचंस ना, कधी आलो नाही म्हणून!"

ती रागावली नाही, ही नोंद महत्त्वाची.

मशीनला नाणी टाकायची फट नाही. मी खाली वाकून बघितलं, बाजूने बघितलं, मागून बघत होतो तेव्हा रखवालदार आला. हल्ली नोटा घालतात आणि शेवटी कागदाची चिठ्ठी मिळते. नाणी बंद होऊन जमाना झाला म्हणे. माझ्या दोन्ही खिशांत ती होती. पँट सारखी खाली येत होती. चालताना एका हाताने पट्टा धरून चाललो, तोही सहज म्हणून धरल्यासारखा.

नदीनच्या शेजारचं मशीन रिकामं होतं. खुर्ची पुढे कलंडवून मशीनला टेकवून ठेवलेली. मला वाटलं, झाडूवाल्याने ठेवली असेल. सरळ केली आणि बसलो. तेवढ्यात डोक्यावर आवाज: "ए पंपवाल्या! ऊठ!"

नदीनची थोरली बहीण, बर्निस. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं तिचं, आवाज तिथलाच. कलंडलेली खुर्ची म्हणजे माणूस हात धुवायला गेलाय, परत येतोय. हे इथल्या लहान पोराला कळतं, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, माफ करा हं बर्निस, पुस्तकात नव्हतं. ती म्हणाली, "पुस्तकात? नदीन, हा पुस्तक वाचून आलाय गं!"

पलीकडे अर्लो नावाचा निवृत्त बस ड्रायव्हर बसतो. त्याने सरकून मला जागा दिली. मला या माणसाबद्दल काही म्हणायचं नाही. तो पानं बदलायच्या आधी पडद्यावर फुंकर मारतो. कसला तक्ता नाही, काही नाही. पेयं वाटणाऱ्या बाई त्याच्याकडे सारख्या येत होत्या. मला एकदा टोमॅटोचा रस दिला, मी मनापासून थँक्यू म्हणालो, त्यानंतर त्या दिसल्याच नाहीत. ट्रेवर टिप म्हणून डॉलर ठेवायचा असतो. हेही पुस्तकात नव्हतं.

आता मुख्य भाग. लिहितो.

चौथ्या की पाचव्या डावातच मला चार राण्या आल्या. थेट. पहिल्याच वाटपात. तक्त्यानुसार चारही ठेवायच्या, यात प्रश्नच नाही. मी खुर्ची मागे सरकवली, नदीनला हाक मारली. बर्निसही वळली. मी शांतपणे समजावून सांगितलं की अशा वेळी नवखा माणूस गोंधळतो. आणि मग बटण दाबलं.

स्वयंपाकघरात ठेवायची पानं मी हातातच धरत होतो. इथे प्रत्येक पानाखाली "ठेव" असं वेगळं बटण दाबावं लागतं. नाही दाबलं तर मशीन समजतं, याला काहीच नकोय.

चारही राण्या गेल्या. त्यांच्या जागी काय आलं ते आठवत नाही. एक तिर्री होती.

मग अर्लो हळूच म्हणाला, "भाऊ, वीस वर्षं बस चालवली, पण असा अपघात नाही पाहिला."

शुक्रवार, १० मे

दोष मशीनच्या रचनेचा आहे. बटणांची जागा चुकीची आहे. कंपनीला कळवणार आहे.

जमेची बाजू: नदीनला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाईला हसवणं ही अर्धी लढाई. गाडीकडे जाताना तिने माझ्या दंडाला धरलं. तोल जात होता तिचा, हसून. पण धरलं.

म्हणाली, पुढच्या गुरुवारी पण ये रे. तुझ्यामुळे वेळ बरा जातो.

रविवार, १२ मे

लोणच्याच्या बरण्यांची पाच झाकणं टेबलावर ओळीने चिकटवली, प्रत्येकावर "ठेव" लिहिलं. आधी झाकण दाबायचं, मग पान बदलायचं. सकाळपासून सराव. दुपारी माहितीपत्रक वाचतानाही बोट झाकणासारखं दाबत होतो.

नवीन निर्धार: (१) ट्रेवर डॉलर. (२) कलंडलेल्या खुर्चीला हात लावायचा नाही. (३) अर्लोकडे बघायचं नाही.

बुधवार, १५ मे

उद्या विचारणार. गाडीत एकट्याने सराव केला. "नदीन, आपण दोघेही एकटे आहोत" हे फार सरकारी वाटलं. "नदीन, मला तुझा ग्लास आवडला" हे खरं आहे, पण समजावून सांगावं लागेल. शेवटी ठरलं: आधी खेळात काहीतरी भरीव करून दाखवायचं, मग ओघात विचारायचं. ओघ महत्त्वाचा.

गुरुवार, १६ मे, संध्याकाळी

सुरुवात उत्तम. डॉलर ठेवला, टोमॅटोचा रस दोनदा आला. बटणं बिनचूक. नदीनच्या अगदी शेजारी जागा मिळाली. बर्निससुद्धा म्हणाली, आज माणसात दिसतोयस.

मग नदीनला पाच बदाम आले. राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि तिर्री. एकाच रंगाची पाच. आयतं बक्षीस. ती टाळ्या वाजवायला लागली. महिनाभर काही लागलं नव्हतं बिचारीला.

आता कोणीही तक्ता उघडून बघावं. अशा वेळी तिर्री टाकून द्यायची. बाकीच्या चार राजेशाही पानांना बदामचा एक्का येऊन मिळाला तर बक्षीस कितीतरी पटींनी मोठं. दर वेळी एक्का येत नाही, पण एकंदर हिशेबात टाकणंच फायद्याचं. यात मतभेदाला जागाच नाही. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "असू दे रे, मला हेच हवंय." मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "वेंडेल, असू दे." तिने पाचही "ठेव" दाबली.

आणि मी हात लांब केला, तिर्रीखालचं बटण दाबून ती सोडवली आणि पान बदललं.

माझा हात आपोआप गेला. आठवडाभराच्या सरावाने बोटं तयार झाली होती.

किलवरची सत्ती आली. म्हणजे काहीच नाही.

अर्लोचा ग्लास तोंडाशी थांबला. बर्निस उठून उभी राहिली. म्हणाली, "दुसऱ्याच्या मशीनला हात लावलास?" असं म्हणाली जसं काही मी कोणाच्या ताटातला घास उचलला. मी म्हणालो, पण गणिताने बरोबर आहे. तक्ता दाखवला. त्या तक्त्याकडे कोणीही पाहिलं नाही. लॅमिनेट केलेला असूनही.

नदीन या वेळी हसली नाही. मशीनमधून कार्ड काढलं, पर्समध्ये ठेवलं, बहिणीबरोबर निघून गेली.

ओघ नव्हता. विचारलं नाही.

शुक्रवार, १७ मे

दोन पंप दुरुस्त केले. दोन्ही ठिकाणी बोललो नाही.

सकाळी मत: मी बरोबर होतो. दुपारी मत: मी बरोबर होतो, पण बटण तिचं होतं. रात्री कळलं की दुसरा भाग तक्त्यात कुठेच नाही, आणि मला तक्त्यातलंच येतं.

शनिवार, १८ मे

फोन केला. तिने उचलला. हे मी चांगलं लक्षण मानलं.

माफी मागितली. ती "हं" म्हणाली. तिथे थांबायला हवं होतं. पण गैरसमज राहू नये म्हणून मी पुढे समजावलं की एका डावावरून ठरवू नये. माणूस खूप वेळ खेळत राहिला की अशी चूक वाटणारी गोष्ट बरोबर ठरते. साधारण चाळीस हजार डावांत एकदा ती राजेशाही पाचही पानं येतातच. तेवढे डाव मी शेजारी बसलो, तर तुझं गेलेलं सगळं भरून निघेल.

मग म्हणाली, "चाळीस हजार वेळा तू माझ्या शेजारी बसणार आणि दर वेळी सांगणार की कुठलं पान टाक?"

म्हणालो, गरज पडली तरच.

"अरे, हे तर लग्न झालं."

मी समोरचा तक्ता उलटा करून ठेवला.

"ते विचारणार होतास का काय?"

म्हणालो, ओघात.

"वेंडेल," ती म्हणाली, आणि हे ती फार प्रेमाने म्हणाली, तेच वाईट, "नको रे. एकदा केलंय मी. त्यालाही सगळं माहीत असायचं."

मी म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार. आवाज शक्य तितका पंपवाल्याचा ठेवला.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, गुरुवारी यायचं असेल तर ये. माणूस म्हणून वाईट नाहीस, आणि त्या राण्यांचा किस्सा अर्लो अजून सगळ्यांना सांगतोय, त्यांना तुला बघायचंय. पण दोन खुर्च्या सोडून बसायचं. आणि हात मांडीवर.

विचार करतो म्हणालो. केला. जाणार.

संध्याकाळी हात मांडीवर ठेवून टीव्ही बघायचा सराव केला. बातम्या संपेपर्यंत जमलं. मग हवामान लागलं, त्या माणसाने नकाशावर चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं, आणि मी उठलो.